मूठभर कणी

कोंबडीला अंधारात दिसत नाही. हे पालेगावातल्या शेंबड्या पोराला माहीत आहे, माझ्या नवऱ्याला माहीत आहे, त्याच्या आईला तर लहानपणापासून माहीत आहे. दिवस मावळायच्या आत कोंबडी आपली खुराड्यात जाऊन बसते आणि उजाडेपर्यंत तिच्यापुढं पंचपक्वान्नाचं ताट ठेवा, चोच लावायची नाही. आणि मी? मी सकाळी सव्वासहाला काळोखात घर सोडायची आणि संध्याकाळी सातला काळोखात घरात पाय ठेवायची. अठ्ठ्याऐंशी सालच्या त्या हिवाळ्यात शुक्रवारची सुट्टी सोडली तर माझ्या कोंबड्या मी डोळ्यांनी बघितल्याच नाहीत. हातानं बघायची.

हातानं म्हणजे खुराड्याची फळी सरकवायची, आत हात घालायचा आणि एकेक अंग चाचपायचं. अकरा कोंबड्या आणि एक कोंबडा. मग प्रत्येकीच्या गळ्याखाली दोन बोटं लावायची. कोंबडी दिवसभर जे टिपते ते आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं. पोटभर मिळालं असेल तर संध्याकाळी ती पिशवी लिंबाएवढी होते, बोटाखाली दाणे हलतात. नाही मिळालं तर हाताला नुसतं कातडं लागतं. सासूनं शिकवलेलं. त्या हिवाळ्यात माझ्या बोटांना रोज कातडंच लागत होतं, आणि माझं डोकं रोज फिरत होतं.

कोंबड्या खरं तर सासूच्या, कमळाबाईच्या. दिवाळीत विहिरीच्या कट्ट्यावर पाय घसरला आणि खुबा मोडला. तेव्हापासून ती ओटीवरच्या खाटेवर पडून. तोवर तिनं दारात उभं राहून "तीऽ तीऽ ती ती" अशी हाक मारली की अकराच्या अकरा धावत यायच्या, शेजारणीच्या सुद्धा यायच्या. आधी हिवाळ्यात हाकेची पण गरज नव्हती. भात झोडलं की खळ्यावर इतकं सांडलेलं असायचं की कोंबड्या महाशिवरात्रीपर्यंत आपलं आपण टिपायच्या. पण यंदा खळंच नव्हतं. मागची जमीन भावकीनं विकली होती आणि आमच्या परसाला लागून बिल्डरची विटांची भिंत उभी राहिली होती. कोंबड्या त्या भिंतीच्या बुडाशी सिमेंटची धूळ उकरत बसायच्या. घातलं तर खाणार, नाही तर उपाशी, असा हिशेब होता.

मी अंबरनाथच्या आनंदनगरात औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते. गोळ्यांची पाकिटं खोक्यात भरायची, खोकी पेटीत भरायची, साडेसात ते सहा, ओव्हरटाइम सक्तीचा. मे महिन्यात लागले होते. सलग दोनशे चाळीस दिवस भरले की परमनंट, असं सगळ्या बायका बोलायच्या. आणि दोनशे पस्तीसाव्या दिवशी कंपनी ब्रेक देते, म्हणजे घरी बसवते आणि दिवस परत एकपासून मोजते, असंही बोलायच्या. दोन मेमो मिळाले की ब्रेक, तीनदा उशीर झाला की ब्रेक. माझे दिवस माघ लागता लागता भरणार होते. आणि माघ लागला की माझी वृंदा बाळंतपणाला यायची होती.

वृंदा माझी एकुलती. एकोणीस वर्षांची, बदलापूरला हेंद्रेपाड्यात दिलेली. आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात तिचं मूल गेलं. डॉक्टरीण बोलली, अंगात रक्तच नाही हिच्या, हिला रोज अंडं द्या, कोंबडीचं पाणी पाजा. सासरी माणसं वाईट नव्हती, पण सकाळ-संध्याकाळ डाळ आणि भात. तेव्हा मी तिला दवाखान्याच्या पायरीवर सांगितलं होतं, "पुढच्या खेपेला माझ्याकडं ये. माझ्या दारची कोंबडी, माझ्या दारचं अंडं, सव्वा महिना खाटेवरून उतरू द्यायची नाही तुला." आता तिला आठवा सरत आला होता. पौषात लेकीला आणत नाहीत म्हणून थांबलो होतो. एवढंच माझं म्हणणं होतं, की माघापर्यंत या कोंबड्या जगाव्यात आणि अंड्यावर असाव्यात. उपाशी कोंबडी थंडीत अंडं देत नाही. ती पिसं फुगवून एका पायावर उभी राहते आणि आपल्याकडं बघते.

आता तुम्ही विचाराल, घरात दुसरं कोणी नव्हतं का? होतं ना! नवरा होता. हरिचंद्र. लग्नात उखाण्यात नाव घेतलं होतं, आता रागानं घेते. त्याची कंपनी बंद पडून दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो गुरुदत्तबरोबर बसायचा. गुरुदत्त म्हणजे गावातला प्लॉटचा एजंट, उल्हासनगरहून पार्ट्या आणायचा, त्यांना आमची विकलेली शेतं दाखवायचा. आमच्याच भिंतीपलीकडं त्याच्या चार खुर्च्या मांडलेल्या असायच्या. हरिचंद्र त्यातल्या एकीवर बसून दिवसभर नकाशावर बोट फिरवायचा. पगार काही नाही. सौदा झाला की मिळेल, असं.

त्याला मी काय डोंगर उचलायला सांगितला होता? "अहो, उजाडलं की फळी सरकवायची. डब्यातली कणी सुपात घ्यायची, कोंबडीमागं एक मूठ. टाकायची आणि काठी घेऊन पाव तास उभं राहायचं, कावळे हाणायचे. पाच वाजता परत एकदा." एवढंच.

"टाकीन," तो बोलला.

"टाकून निघून नका जाऊ. आणि हाक मारा. हाक मारल्याशिवाय त्या येत नाहीत."

"मी?" तो हसला. "बाप्या माणूस चारचौघांत ती ती करत उभा राहील? गुरुदत्तच्या पार्ट्या बसलेल्या असतात तिकडं."

"आई खाटेवर. मी कामावर. मग कोण करेल?"

"बघतो ना. तू जा, तुला उशीर होईल."

त्यानं काय केलं ठाऊक आहे? आंघोळीला जाता जाता सूप पालथं करायचा आणि निघून जायचा. तोंडातून शब्द नाही. कणी कावळ्यांनी खाल्ली, शेजारच्या बकरीनं खाल्ली. कोंबड्या भिंतीपाशी हाकेची वाट बघत उभ्या. आणि संध्याकाळी मी विचारलं की, "टाकली ना! शपथ टाकली!" खोटं बोलत नव्हता हो. टाकलीच होती.

मग मी माझे उपाय केले. रात्रीच कणी खुराड्यात ठेवून बघितली, तर घुशींनी खाल्ली आणि खुराड्याची एक फळी कुरतडली. पहाटे पाचला उठून कंदील घेऊन गेले. एकेकीला उचलून बाहेर ठेवलं, कंदील मध्ये ठेवला, कणी टाकली. दोघीतिघींनी चार दाणे टिपले, बाकीच्या अंगाचा गोळा करून डोळे मिटून बसल्या. थंडीनं माझी बोटं आखडलेली, तोंडातून वाफ येतेय, आणि मी त्यांच्यापुढं हात जोडून बसलेय, "खा ग बायांनो, खा, मला उशीर होतोय." तरी पदर खोचून रोज तेवढं केलं. चार दाणे तर चार दाणे.

त्या चार दाण्यांनी मला मेमो मिळाला.

पॅकिंगच्या खोलीत जायच्या आधी डोक्याला टोपी घालायची असते. त्या दिवशी धावत पोचले आणि टोपी घालायला हात वर केला, तेवढ्यात चिंतामणी साहेब समोर. साहेब आमचे ऑफिसर. कायम कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. त्यांनी एक पेन काढलं आणि त्याच्या टोकानं माझ्या केसातून काहीतरी उचललं. माझ्या काबरी कोंबडीचं पीस होतं. बारकं, पांढऱ्यावर काळे ठिपके.

"हे काय आहे, बाई?"

साहेबांनी ते पीस माझ्या डोळ्यांपुढं धरलं.

"इथं औषध बनतं. आजारी माणसं खातात ते. त्यांना पिसं खायला घालणार तुम्ही?"

वीस बायका रांगेत उभ्या होत्या. साहेबांनी मला दारातच अंबाडा सोडायला लावला आणि केस झटकायला लावले. मग हात पुढं करायला सांगून स्वतः वाकून वास घेतला. "जा, परत धुवा," बोलले. तीनदा धुवायला लावले. एक पोरगी खुदकन हसली, तिचा मला राग नाही आला, मी तिच्या जागी असते तर मीही हसले असते. राग कोणाचा आला ते सांगायला पाहिजे का? त्या वेळेला एक माणूस माझ्या घरात गोधडी डोक्यावर घेऊन घोरत होता.

दुपारी मेमोवर सही केली. एक झाला. दुसरा झाला की ब्रेक.

पौष लागला तसं दुसरंच सुरू झालं. मार्गशीर्षभर घरात मांसमच्छी नव्हती. ती अमावास्या गेली, आणि चौथ्या दिवशी खुराड्यात हात घातला तर नऊच लागल्या. परत चाचपल्या. नऊ.

"मुंगूस," हरिचंद्र बोलला. "भिंतीच्या बिळातून येतंय. मी बघितलं डोळ्यांनी."

"मग काठी नाही मारता आली?"

"धावलो ना. गेलं घेऊन."

पाच-सहा दिवसांनी आठ. मग सहा. मी चिडले, रडले, भिंतीच्या बुडाशी काळोखात हातानं विटांचे तुकडे कोंबून बिळं बुजवली. नख उखडलं. त्याला बोलले की निदान दुपारी तरी लक्ष ठेवा. तो बोलला, "अग मुंगूस काय सांगून येतं?"

कंपनीत भिकी माझ्या शेजारी बसायची. बारवीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरची, रोज दीड तास चालून यायची. तिला मी हे सांगितलं. ती खोकी दुमडता दुमडता बोलली, "पिसं किती पडली व्हती?"

"पिसं नाहीत."

"रगत?"

"नाही."

"मुंगूस मान फोडतंय, तिथंच रगत पितंय. पिसांचा हा ढीग पडतो. तुझं मुंगूस लय शहाणं, कुंदाताई. झाडून जातंय."

मला तिचाच राग आला. "तुला काय करायचंय?" म्हणून तिच्यावर खेकसले. ती परत खोकी दुमडायला लागली आणि मी दिवसभर पाकिटं चुकीची भरली.

त्याच आठवड्यात बुधवारी मी घरी आले तर चुलीपाशी झाकलेलं पातेलं. जर्मनचं, आमचं नव्हे. हरिचंद्र बोलला, "गुरुदत्तकडं पार्टी व्हती. मीनलवहिनीनं तुझ्यासाठी पाठवलंय. गरम कर."

झाकण काढलं तर कोंबडीचा रस्सा. तांबडा, वर तेलाचा तवंग, खोबऱ्याच्या वाटणाचा वास. सकाळपासून मी दोन भाकऱ्या आणि मिरचीचा ठेचा खाल्ला होता, पायांचे गोळे दुखत होते, थंडीनं ओठ फाटले होते. मी जेवले. खोटं कशाला बोलू, चाटूनपुसून जेवले, हाड फोडून आतलं चोखलं. आणि वर त्याला बोलले, "मीनलच्या हाताला चव आहे हो. गावठीच दिसते. कुठून आणली असेल?"

तो बोलला, "असंल कुठली तरी," आणि बिडी ओढायला बाहेर गेला.

आपल्याकडं कोणाचं भांडं आलं तर ते रिकामं परत देत नाहीत. चिमूटभर साखर का होईना, त्यात घालतात. शुक्रवारी सुट्टी होती. पातेलं घासलं, आणि त्यात काय घालू म्हणून घरात बघायला लागले. वाल संपलेले, गूळ सासूच्या काढ्यापुरता. तांदळाच्या डब्यात हात घातला. तिथं मी अंडी ठेवायची, वृंदासाठी. पूर्ण महिन्याची मिळून पाच होती. त्यातली दोन काढली. हातात घेऊन बराच वेळ उभी राहिले. मग मनाला बोलले, माणसानं आठवणीनं वाटी पाठवली, आपण काय भिकारी आहोत का? घातली पातेल्यात.

मीनल अंगणात पापड वाळत घालत होती. गुरुदत्तची बायको, कल्याणची, जरा नीटनेटकी. मी पातेलं पुढं केलं. "रस्सा छान झाला होता हं, वहिनी. एवढं लक्षात ठेवून पाठवलंत."

तिनं अंडी बघितली आणि हसली. "अय्या, अंडी कशाला? आणि मला काय हो चांगलं म्हणता, कुंदावहिनी? कोंबडी तर तुमचीच होती. मी नुसतं वाटण घातलं."

मला कळलंच नाही. मी तशीच हसत उभी.

"हरीभाऊंचे उपकार आहेत," ती बोलायला लागली. "पार्टी आली की स्वतः पकडून आणून देतात. उल्हासनगरची माणसं, ब्रॉयलर खाऊन कंटाळलेली. गावठीचं नाव काढलं की खूश. हे म्हणतात, हरीच्या कोंबड्यांनी दोन सौदे जमवले. उरलेल्या पण द्याल ना? पुढच्या आठवड्यात मोठी पार्टी आहे."

"किती दिल्या आतापर्यंत?" मी विचारलं.

"सहा... नाही, सात. काल दोन, तुम्हाला माहीत नाही?"

तिच्या हातातल्या पातेल्यातून मी माझी दोन अंडी उचलली. तिच्या डोळ्यांसमोर. ती "अहो, अहो" करत राहिली. बाईमाणूस म्हणून सांगते, असं कोणी करत नाही, दिलेलं परत घेत नाही. मी घेतलं. आणि पोटात जे बुधवारचं होतं ते तिथंच तिच्या अंगणात ओकून टाकावंसं वाटलं. पण ते दोन दिवसांपूर्वीच अंगी लागलं होतं. चव घेऊन, वाहवा करून, स्वतःच्या लेकीच्या तोंडचा घास मी खाल्ला होता.

घरी आले. खुराड्यात काल रात्री सहाच्या चार झाल्या होत्या, ते मी बोटं गोठली म्हणून चुकले असेन असं धरून चालले होते. आता उन्हात बघितल्या. काबरी, तांबडी, उघड्या मानेची, आणि एक काळी. छातीची हाडं वर आलेली. कोंबडा तेवढा होता, तो ओरडतो म्हणून वाचला असेल.

आधी सासूपाशी गेले. "आई, दुपारचं खुराड्यात काही ऐकू येत नव्हतं तुम्हाला? ओटीला लागून तर आहे."

म्हातारीनं भिंतीकडं तोंड केलं. "यायचं."

"मग बोलल्या का नाहीत मला?"

"मला वाटलं, तुला विचारून नेत असंल." मग बोलली, "मला पण वाटी दिली त्यानं. पोटचा हाय ग. काय बोलू?"

मी तिच्यावर ओरडणार होते. पण तिचा खुबा, तिची लघवीची चिंधी, सगळं माझ्या हातात, आणि तिला ते माहीत. अशा माणसावर कसं ओरडायचं? तो राग पण मी हरिचंद्रच्या नावावर जमा केला.

तो बाराला जेवायला आला. पाटावर बसला. मी ताट वाढलं नाही. दोन्ही अंडी त्याच्या समोर जमिनीवर ठेवली.

"हे काय?"

"मीनलला देत होते. आपलीच कोंबडी खायला घातल्याबद्दल."

त्याचं तोंड उतरलं. मग तेच तोंड त्यानं वर केलं. पुरुषाची जात! "अग, घरासाठीच करतो ना? सौदा झाला की शंभर कोंबड्या घेईन तुला. ब्रॉयलर घेईन, पोल्ट्री टाकीन. चार कोंबड्यांचं काय घेऊन बसलीस?"

"सात. आणि मुंगूस कोण?"

"तू आईबापासारखं नको बोलू मला. मी घरातला—"

"तू," मी बोलले. एकवीस वर्षांत पहिल्यांदा त्याला एकेरी बोलले, आणि सासूनं खाटेवर श्वास रोखलेला मला ऐकू आला. "तू काय घरातला? घरातल्या माणसाला मूठभर कणी टाकायची लाज वाटते आणि पोरीच्या तोंडचं चोरून विकायची लाज नाही वाटत? विकलं तरी असतंस! फुकट वाटलंस, खुर्चीवर बसायला मिळावं म्हणून! मी तिकडं वीस बायांत केस सोडून उभी राहिले. साहेबानं माझे हात हुंगले. कोंबडीला हाक मारली तर तुझी अब्रू जाते?"

"हळू बोल. बाहेर माणसं हायेत."

"असू देत. त्यांनाच सांगते. ऐक आता. उद्यापासून संध्याकाळी मी खुराड्यात हात घालणार. चौघींच्या गळ्याला हात लावणार. पिशवी भरलेली लागली तर तुला ताट. रिकामी लागली तर रिकामं ताट. आणि एक जरी कमी झाली तर वृंदाला आणायला जाऊन तिथंच राहीन. आईचं तू बघ, चुलीचं तू बघ."

त्यानं पाट लाथाडला आणि निघून गेला. त्या रात्री आला नाही, गुरुदत्तकडं जेवला.

शनिवारी संध्याकाळी हात घातला. कातडं. आत येऊन सासूला भरवलं, मी जेवले, त्याच्यापुढं रिकामं ताट ठेवलं.

"मी टाकली!" तो ओरडला. "आईशपथ, काठी घेऊन उभा राह्यलो! त्या येतच नायत. मला बघून पळतात भिंतीकडं."

पळणारच. तो खुराड्यापाशी आला की एक जण कमी व्हायची, हे त्यांनी बघितलं होतं. कोंबडीला अक्कल नाही असं कोण बोलतं?

"हाक मार," मी बोलले.

"दे ग त्याला दोन घास," सासू बोलली.

"आई, तुम्ही झोपा."

तो परत भिंतीपलीकडं गेला. रविवारी तिथंही काही मिळालं नसावं. मीनलच्या अंगणातलं तिनं नवऱ्याला सांगितलं असणारच, आणि उरलेल्या कोंबड्या मिळणार नाहीत म्हटल्यावर गुरुदत्तला हरीभाऊचं काय काम? तो लवकर घरी आला, ओटीवर आईच्या पायाशी बसला. मला आतून ऐकू आलं. "आई, तू एकदा हाक मार ना. तुझा आवाज वळखतात त्या."

म्हातारी बोलली, "मी वाटी खाल्ली रे तुझ्या हातची. आता मी नाय मारणार. तूच मार."

रविवारीही ताट रिकामं. त्यानं पाणी प्यायलं आणि आडवा झाला. मला झोप लागली का? लागली. दिवसभर उभं राहून काम केलेल्या बाईला झोप लागते.

सोमवारी कंपनीत चारलाच लाईट गेली आणि जनरेटर चालू होईना. चिंतामणी साहेबांनी सगळ्यांना सोडलं. मी अर्धी चालत, अर्धी पळत आले. भिंतीच्या कोपऱ्यावर पोचले तेव्हा सव्वापाच झाले होते. ऊन भिंतीच्या वरच्या विटांवर उरलं होतं. भिंतीला तिथं मजूर जायला भोक ठेवलेलं. त्यातून माझं परस दिसत होतं, आणि मी थांबले.

हरिचंद्र परसात उभा होता. हातात सूप, काखेत काठी. दुसऱ्या टोकाला भिंत अजून कमरेएवढीच होती, तिच्यापलीकडं खुर्च्यांवर गुरुदत्त आणि दोन पॅन्टवाले. चौघी कोंबड्या आणि कोंबडा लांब, माझ्याच बाजूला, भिंतीला चिकटलेल्या.

त्यानं कणी टाकली. त्या हलल्या नाहीत. तो खुर्च्यांकडं बघून घसा खाकरला.

"ती," तो बोलला. कुजबुजल्यासारखं. "ती... ती."

"काय हरी?" गुरुदत्त ओरडला. "पोल्ट्री टाकली काय रे? अरे सेठ, ये देखो, हमारा मॅनेजर!" पॅन्टवाले हसले.

हरिचंद्रची मान लाल झाली. मला वाटलं, आता सूप फेकतो आणि जातो. दोन दिवसांचं रिकामं पोट. मी भोकातून आत शिरले असते तर माझ्या एका हाकेला चौघी आल्या असत्या. मी नाही शिरले. वाईट वाटलं का? वाटलं. ते मी गिळलं. सात कोंबड्या आणि माझे सोडलेले केस आठवले आणि गिळलं.

"तीऽ," त्यानं परत हाक मारली, जरा मोठ्यानं. "तीऽ तीऽ ती ती!" आवाज फाटला. पॅन्टवाले आणखी हसले. तो उकिडवा बसला, सूप जमिनीला टेकवलं आणि मान खाली घालून हाक मारत राहिला. अगदी त्याच्या आईच्या चालीवर, तसाच शेवट तोडून. लहानपणी ऐकलेलं कुठं जातंय? ऊन भिंतीवरून उतरलं. घसा बसला तरी तो थांबला नाही. ओटीवरून म्हातारीचा आवाज आला नाही.

आधी काबरी निघाली. चार पावलं पुढं, दोन मागं. मान लांब करून एक दाणा उचलला आणि पळाली. मग परत आली. मग तांबडी आली. गुरुदत्त कधीच उठून गेला होता, हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

काळोख पडला, तशी मी रोजच्या वाटेनं, रोजच्यासारखी घरात आले. चप्पल काढली आणि सरळ खुराड्यापाशी गेले. हात घातला. काबरी, लिंबाएवढी. तांबडी भरलेली. उघड्या मानेची भरलेली. काळी निम्मी, पण काळी मुळातच भित्री. बोटाखाली दाणे हलत होते. मी तिथंच बसून दोन मिनिटं रडले. पदरानं तोंड पुसलं आणि चूल पेटवली.

हरिचंद्र पाटावर येऊन बसला. मी ताट ठेवलं. पातेल्यात हात घातला, एक मूठ भात काढला आणि त्याच्या ताटात टाकला. वर डाळ नाही, काही नाही.

त्यानं माझ्याकडं बघितलं. आवाज बसलेला. "एवढाच?"

"एका जिवाला एक मूठ," मी बोलले. "कोंबडीमागं एक मूठच सांगितली होती ना तुला? ती पण त्यांच्या पोटात जाऊ दिली नाहीस. उद्या सकाळी घाल, संध्याकाळी घाल, मी हात लावून बघेन. वृंदा येऊ दे, तिच्या ताटात अंडं पडू दे. मग तुला पोटभर."

तो ताटावर वाकला. एकेक शीत बोटानं उचलून खायला लागला, आणि एकही शिल्लक ठेवलं नाही.